माताभगिनींची बसण्याची स्वतंत्र सोय

भांडी आवरून झाली असतील तर जरा भिंतीला टेका. आज आपण सिनेमाबद्दल बोलणार आहोत. कोणत्या सिनेमात काय गोष्ट होती ते नाही. सिनेमाला जाण्याबद्दल बोलू.

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्या भरल्या, आणि चहा येईपर्यंत विषय निघाला की पहिला सिनेमा कुणी कुठे पाहिला. सोळा जणी होत्या. एकीनेही आधी सिनेमाचं नाव सांगितलं नाही. “पुसेगावच्या जत्रेत, मामाच्या गाडीतनं गेलो.” “लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, सासूबाई आणि दोन नणंदा बरोबर.” आधी कुणाबरोबर गेलो, कशातून गेलो, कुठं बसलो, आणि मग केव्हातरी सिनेमाचं नाव. दोघींना तर नाव आठवेचना. पण एकीला त्या दिवशी नेसलेलं लुगडं आठवत होतं, आणि दुसरीला परतताना झोपलेल्या पोराला कुणी कडेवर घेतलं होतं ते.

तेव्हाच ठरवलं की यावर बोलायचं. सिनेमाचा इतिहास पुस्तकात असतो, पण तो पडद्याकडे बघून लिहिलेला. आपण पडद्याकडे पाठ करून बघू. बायका कुठे बसल्या होत्या, आणि त्यांना तिथे कसं बसवलं होतं?

आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसाने यंत्र आणलं होतं. तिकीट एक रुपया. त्या काळी मजुरीला जाणाऱ्या बाईला तेवढे पैसे मिळवायला कित्येक दिवस लागत. एकेका मिनिटाची सहा चित्रं होती. एकात आगगाडी स्टेशनात शिरते. एकात कारखान्याचं फाटक उघडतं आणि काम संपवून कामगार बाहेर पडतात. त्या घोळक्यात बायकाच जास्त आहेत, पायघोळ झगे घातलेल्या, घाईने घराकडे निघालेल्या. म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या सिनेमांपैकी एकात कामावरून सुटलेल्या बायाच आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. पण वॉटसन हॉटेलात बसून ती बघणारे बहुतेक साहेबलोक होते.

थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे तिकिटं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होती. आणि जाहिरातीत एक गोष्ट मुद्दाम घातली होती: पडदानशीन स्त्रियांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी राखीव जागा. बघा, सिनेमा देशात येऊन महिनाही झाला नव्हता, आणि बायकांना कुठे बसवायचं याची सोय आधी लागली. त्यात बायकांची काळजी किती आणि तिकीट खपवायची काळजी किती, हे तुम्हीच ठरवा. दोन्ही असावं. सबंध कुटुंब आलं तरच गल्ला भरतो, हे खेळ दाखवणाऱ्याला तेव्हापासून ठाऊक होतं.

मग आले दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. हे शाळेच्या पुस्तकात असतं. सरस्वतीबाई फाळके मात्र पुस्तकात एखाद्या ओळीत उरकतात. सिनेमाच्या फिल्मला दोन्ही कडांनी बारीक भोकं असतात, त्यात यंत्राचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. त्या वेळी कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. भोकं घरी पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्मला भोकं. अंगावरचे दागिने तर आधीच गेले होते. ज्या बाईने आपल्या देशातल्या पहिल्या सिनेमाची फूट अन् फूट हाताखालून घातली, तिचं नाव पुढे पोस्टरवर आलं नाही.

त्या सिनेमात तारामती झाली ती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने. हॉटेलात आचारी होता. बाई मिळेनाच, कारण सिनेमात काम करणं फार हलकं समजत. शरीर विकून पोट भरणाऱ्या बायकांनीसुद्धा नकार दिला असं सांगतात. ‘मोहिनी भस्मासुर’ या फाळक्यांच्या पुढच्या सिनेमात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला अशा मायलेकी पडद्यावर आल्या. दुर्गाबाई एकट्या मुलगी वाढवत होत्या. लोक काय म्हणतील याचा विचार त्यांना परवडणारा नव्हता. तरीही जुनी चाल लगेच मोडली नाही. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये पुन्हा साळुंकेच, आणि या वेळी राम तोच, सीताही तोच. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात.

हे सिनेमे मुके होते. मधे मधे अक्षरं यायची. ती वाचणार कोण? प्रेक्षकांतला एखादा वाचता येणारा मोठ्याने वाचायचा, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि वाचून होईपर्यंत अक्षरं गेलेली असायची. सिनेमा चालू असताना मागचा बोलतो म्हणून आज आपण करवादतो. त्या वेळी बोलणाऱ्याशिवाय सिनेमा कळलाच नसता.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. तिकिटांचा काळाबाजार बोलपटाइतकाच जुना आहे, हे त्यावरून कळतं. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोष्ट तीच हरिश्चंद्राची. पण या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे, चांगल्या घरच्या, कॉलेजात शिकलेल्या. एकोणीस वर्षांत तारामती आचाऱ्याकडून दुर्गाबाईंकडे आली.

१९३७ साली ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लावून दिलेली मुलगी त्यात सरळ म्हणते, हे लग्न मला कबूल नाही. शांता आपटे यांनी ते काम केलं. अशी लग्नं गावोगाव होत होती, आणि ज्यांची झाली होती त्या बायका नवऱ्याच्या शेजारी नाही, बायकांच्या भागात बसून ते बघत होत्या. या स्वतंत्र सोयीचा हा एक फायदा मला नेहमी वाटतो. आपल्या डोळ्यातलं पाणी नवऱ्याला दिसत नसे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं काढलं तिकडे येते. तंबूकडे.

शहरात थिएटरं झाली, तालुक्याच्या गावी एखादं पत्र्याचं झालं, पण खेड्यात सिनेमा आला तो ट्रकमधून. दिवाळी झाली, सुगी हाताशी आली की जत्रा सुरू. म्हसवडची सिद्धनाथाची, पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पालची खंडोबाची. एक संपली की दुसरी. पाळणे, मौत का कुआं, तमाशाच्या कनाती, आणि त्यांच्याच बाजूला टुरिंग टॉकीज. वळवाचे पहिले थेंब पडेपर्यंत हे तंबू फिरायचे. उंच खांब, चारी बाजूंनी कनात, एका टोकाला पांढरा पडदा, दुसऱ्या टोकाला ट्रकवर नाहीतर लाकडी खोक्यात यंत्र, आणि लांब कुठेतरी धडधडणारं जनरेटर. खाली जमीन. पोतं आणायचं आपलं आपण.

दुपारपासून भोंगा सुरू व्हायचा. त्या आवाजाची ढब सगळीकडे एकच. “आज रात्री ठीक साडेनऊ वाजता...” आणि शेवटी हमखास, “माताभगिनींची बसण्याची स्वतंत्र सोय!” ठीक साडेनऊ म्हणजे साडेदहा, हे सगळ्यांना माहीत. तरी नऊलाच जाऊन बसायचं, कारण पुढची सपाट जागा आधी जायची.

स्वतंत्र सोय म्हणजे काय? मधोमध एक दोर. कधी दोराला एखादं फडकं. डावीकडे गडी, उजवीकडे बाया, नाहीतर उलट. काही ठिकाणी तर पडदा तंबूच्या मध्यावर लावायचे आणि तो पाणी मारून ओला ठेवायचे, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसे. मागच्या बाजूने बघणाऱ्याला सगळं उलटं. डावखुरा नायक, उलटी अक्षरं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं त्यात काही बिघडत नसे, असं माझी आत्या म्हणायची.

दोराच्या एका बाजूला सगळ्या बाया खऱ्या, पण तिथेही घोळके पडायचे. तिकिटाला जात विचारत नव्हते, जमिनीवर रेघही नव्हती, तरी कोणत्या वस्तीतल्या बाया कुठे पोतं टाकणार हे न सांगता ठरलेलं. सिनेमा रंगला की मात्र सगळ्या सरकून पुढे आलेल्या असायच्या. दिवा लागला की पुन्हा आपापलं पोतं.

यंत्राचं थोडं सांगते, कारण आपल्याला त्रास व्हायचा तो तिथूनच. त्या यंत्रात साधा दिवा नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवायची. त्या उजेडाने चित्र पडद्यावर पडे. कांड्या जळून आखूड होत, त्या पुढे सरकवत राहावं लागे. ऑपरेटर विडी ओढायला बाहेर गेला की पडदा आधी पिवळा, मग तांबडा, मग काळा. मग शिट्ट्या, मग शिव्या. फिल्म एका मिनिटाला नव्वद फूट पळते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. ती एका रिळात मावत नाही. मोठं रीळ वीस-बावीस मिनिटांचं. शहरात दोन यंत्रं असत, एक संपलं की दुसरं सुरू, कळतसुद्धा नसे. तंबूत बहुधा एकच. म्हणून दर वीस मिनिटांनी अंधार. जवळच्या दोन जत्रांत मिळून एकच सिनेमा असला, तर एक पोरगा सायकलवरून रिळं पोचवायचा. त्याची सायकल पंक्चर झाली की नायिका अर्धा तास नदीच्या काठावर उभी. सकाळी मुलं तंबूमागे जाऊन जळक्या कांड्यांचे तुकडे आणि फिल्मचे कपटे गोळा करायची. माझ्या भावाकडे काड्याच्या पेटीत असे अकरा कपटे होते. उन्हात धरून त्यातली बाई कोण ते ओळखायचा आमचा खेळ.

थंडी असायची. मार्गशीर्ष-पौषातली, माणदेशातली थंडी. पुढच्याचा फेटा आडवा यायचा. मांडीखाली खडे. कुणाचं पोर कुणाच्या पदरावर मुतलेलं. पलीकडच्या भागातून विडीचा धूर. कनातीखालून कधी कुणाचा हात आत यायचा. आमच्या आत्यांच्या पिढीतल्या बाया कडेला बसताना पदराची पिन काढून हातात धरून बसत, आणि एकदा तरी बाहेरून “आई गं!” ऐकू आल्याचं आत्या फार चवीने सांगायची.

पण या सगळ्याहून मोठा त्रास एक होता, आणि तो कोणत्याच पुस्तकात मला सापडला नाही. बायकांना बाहेर जायला जागा नव्हती. गडी कनातीच्या मागे जाऊन यायचे. बायांनी कुठे जायचं? जत्रेचं मैदान, सगळीकडे माणसं, बत्त्यांचा उजेड. मग दुपारपासून पाणी प्यायचं नाही. गरोदर असेल तिने यायचंच नाही. कुणाला फारच झालं तर चौघी मिळून अंधारात लांब जायच्या, दोघी आडोसा धरायच्या, आणि परत येईपर्यंत एक रीळ गेलेलं. आज आपल्या गटांनी बाजाराच्या दिवशी बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून अर्ज केले, ग्रामसभेत भांडलो, तेव्हा एक सदस्य म्हणाले, “आजवर चाललंच की.” चालत नव्हतं. आमच्या आया तहानलेल्या बसत होत्या.

आता माझ्या आईची गोष्ट.

१९६५ च्या सुमाराची. मी नऊ महिन्यांची. जत्रेत तंबू आला, आणि त्यात ‘संत तुकाराम’ लागला. सिनेमा तसा जुना, १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला होता, परदेशात व्हेनिसला त्याचा गौरव झाला होता. पण तंबूत जुनं-नवं असं काही नसे. जो सिनेमा आपण पाहिला नाही तो नवा. आणि देवाचा सिनेमा म्हटल्यावर घरातून परवानगी मिळे. आमच्याकडे दोन सुना होत्या, आई आणि चुलती. दोघींनी एकदम जायचं नाही, एकीने गुरं आणि म्हाताऱ्या माणसांजवळ थांबायचं. आदल्या वर्षी चुलती गेली होती, म्हणून यंदा आईचा नंबर. आजोबांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या विधवा आजीला, देवाच्या सिनेमाशिवाय कशालाच नेत नसत. ती सगळ्यात आधी तयार.

आईने तो सिनेमा आयुष्यभर सांगितला. सगळ्यात जास्त जिजाईचं. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते, आणि लोक त्यांच्या पाया पडत म्हणतात. पण आईच्या बोलण्यात पागनीस कमी, जिजाई जास्त. गौरी नावाच्या बाईंनी ते काम केलं, ज्या प्रभात कंपनीत अगदी साध्या कामावर लागल्या होत्या. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती तरातरा देवळात जाते आणि पायातली वहाण काढून विठोबावरच उगारते. आई म्हणायची, त्या वेळी बायांच्या भागात एकदम शांत झालं, आणि मग कुणीतरी जोरात म्हणालं, “बरं केलंस, बाई!” पलीकडून गडी ओरडले, “गप्प बसा की!” गप्प कोण बसतंय.

आणि त्यानंतर थोड्या वेळाने मी रडायला लागले.

पहिल्यांदा आईने पदराखाली घेतलं. मग मांडीवर हलवलं. मग दोराच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, “पोरगी बाहेर न्या!” पोर रडलं की आईने बाहेर जायचं. तिच्या शेजारी पोराचा बाप बसला असता तर कदाचित तो उठला असता. पण तो दोराच्या पलीकडे होता. स्वतंत्र सोयीचा हा दुसरा भाग. आई उठली, बायांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेली, आणि कनातीला लागून येरझाऱ्या घालत राहिली. मी काही झोपेना. म्हणून पुढचा सगळा सिनेमा तिने बाहेरून ऐकला. टाळ ऐकले, अभंग ऐकले. शेवटी एकदम सगळा तंबू “पुंडलिक वरदे” म्हणत उठला तेही तिने बाहेरून ऐकलं. तुकाराम वैकुंठाला निघाले, गरुडविमान आलं, हे तिला परतताना आजीने सांगितलं. आजीला नीट सांगता येईना. “लय मोठं पाखरू, गं. त्याच्यावर बसून गेलं,” एवढंच. आई विचारी, “आणि जिजाई?” “ती ऱ्हायली खाली.”

पुढच्या वर्षी चुलतीचा नंबर होता. त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ, जत्रा कसलीतरीच भरली. मग माझा भाऊ झाला. आईने तंबूत एकूण सहा सिनेमे पाहिले, आणि त्यातले चार अर्धे. ‘श्यामची आई’सुद्धा अर्धाच. १९५३ सालचा अत्र्यांचा तो सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. त्याला बाया आधीच रुमाल घेऊन जात. आई म्हणायची, “बाहेरून नुसतं रडणं ऐकायला यायचं. पडद्यावरचं कुठलं आणि बायांचं कुठलं, कळत नव्हतं.” तिला अर्ध्या सिनेमांचे चेहरे माहीत, आणि उरलेल्या अर्ध्यांचे नुसते आवाज. आपण रेडिओवाले असं काम रोज करतो. पण ते कुणी हौसेने करावं. तिने तसं केलं नव्हतं.

तालुक्याच्या थिएटरचं थोडक्यात सांगते, ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे बायकांची खिडकी वेगळी असायची आणि तिथे रांग लहान. म्हणून अनोळखी पुरुषसुद्धा “ताई, आमची चार काढता का?” म्हणत मागे लागायचे. काही बाया त्याचे चहाचे पैसे घ्यायच्या. मला त्यात काही गैर वाटत नाही. खुर्च्या आल्या, खुर्च्यांबरोबर ढेकूण आले. सिनेमाच्या आधी सरकारी बातमीपट दाखवायचे, फिल्म्स डिव्हिजनचे. पूर, धरणं, पंतप्रधानांचे दौरे, आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. पुरुष तेव्हा बाहेर विड्या ओढत. बाया आत बसून बघत. आमच्या भागातल्या कितीतरी जणींनी ती माहिती पहिल्यांदा अंधारात बसून ऐकली. तोंडावर कुणी सांगितली असती तर लाजून उठून गेल्या असत्या.

बायका आल्या तर सिनेमा चालतो, हे १९७५ साली सगळ्यांना कळलं. त्या वर्षी ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला. आणि कमी पैशांत काढलेला ‘जय संतोषी माँ’ही आला. तो असा चालला की मोठमोठे बघत राहिले. बाया चपला बाहेर काढून आत जायच्या. देवी पडद्यावर आली की नाणी, फुलं उडवायच्या, आरतीचं ताट घेऊन यायच्या. शुक्रवारचे उपास, गूळ-चणे, आंबट खायचं नाही, हे कितीतरी घरांत त्या सिनेमानंतर शिरलं. माझ्या एका मावशीने सोळा शुक्रवार धरले. तिला मी एकदा विचारलं, देवीसाठी की सिनेमासाठी? ती म्हणाली, “उपास म्हटलं की शुक्रवारी वाडीतल्या सगळ्या एकीच्या घरी जमतात. कुणी नको म्हणत नाही.”

मग १९९१ साली ‘माहेरची साडी’. अलका कुबल यांचा. तुमच्यातल्या कितीजणी टेंपोत बसून गेल्या होत्या, हात वर करा. मला दिसत नाहीत, पण करा. शहाण्या लोकांनी त्या सिनेमाला नावं ठेवली, रडका म्हणाले. मीही तेव्हा नवीन शिक्षिका होते आणि नावं ठेवणाऱ्यांत होते. आता तसं म्हणवत नाही. सासरी गांजलेली पोर बघून हुंदके देणाऱ्या त्या बायांना घरी मोठ्याने रडायला जागा कुठे होती? तीन तास, अंधार, आणि बाजूला आपल्यासारख्याच दोनशे जणी. तिकिटाचे पैसे त्याचे होते.

तोवर टीव्ही आला होता. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही पोचायला पुढची बारा-पंधरा वर्षं गेली. एका घरी संच, सबंध आळी अंगणात. मग व्हिडिओ आले, मग केबल. तंबूंचे गल्ले आटले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी फिल्मची रिळंच निघेनाशी झाली, सगळं डिजिटल झालं, आणि पुष्कळ तंबूवाल्यांनी जुनी यंत्रं भंगारात घातली. तालुक्यातल्या ज्या थिएटरात मी बहिणींबरोबर गेले, तिथे आता मंगल कार्यालय आहे. मल्टिप्लेक्सला गेले एकदा, लेकीबरोबर, शहरात. खुर्ची मऊ, ढेकूण नाहीत, स्वच्छतागृह असं की तिथेच बसून राहावंसं वाटलं. पण तिकीट आणि लाह्यांचे पैसे ऐकून पोटात गोळा आला, आणि सगळा सिनेमाभर कुणी एक अक्षर बोललं नाही. खलनायक मागून येत होता आणि त्या नायिकेला कुणी सांगेना.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या आषाढात नातीने तिला विचारलं, आजी, तो तुकारामाचा सिनेमा बघायचा का, फोनवर आहे. आईने चष्मा पुसला. आम्ही फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवला. विठोबावर वहाण उगारली तिथे ती हसली. जिथे मी रडायला लागले होते ती जागा आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. मधे दोनदा गाय हंबरली, एकदा कुणाचा तरी फोन आला आणि तुकाराम थांबले. शेवटी गरुडविमान आलं. तळहाताएवढ्या पडद्यावर ते वर वर गेलं, आणि जिजाई खाली राहिली.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “एवढंच होय? कनातीबाहेरून केवढं मोठं वाटलं होतं.”